झाडण

"नरम नक्को, यादम्मा. पका हुआ, कडक देख के दे."

चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजीवाली यादम्मा कारल्यांच्या ढिगावर हात ठेवून सत्यवतीबाईंकडं बघतच राहिली. माणसं कारलं घेतात ती नख लावून, कोवळं बघून. ही बाई मात्र ढीग उसकटून पिवळी पडायला आलेली, बिया टणक झालेली कारली वेचून वेगळी काढत होती. एखादं हिरवंगार कारलं हाताला लागलंच, तर ते परत ढिगात टाकत होती.

"कायकू अम्मा? सब लोगां नरम मंगते, तुम कडक मंगते."

"हमारे साहेब को शक्कर की बीमारी है. जितना कडवा, उतना अच्छा."

"अय्यो पापम," यादम्मा हळहळली. "कितना करते अम्मा तुम उनके वास्ते." आणि तिनं दोन कारली फुकट वर टाकली. तीही निबरच, आवडीप्रमाणं.

सत्यवतीनं पिशवी उचलली. कारल्यांच्या खाली दोडके होते, त्यांच्याही शिरा वाळलेल्या. मुळ्याचा पाला होता, मुळा नव्हता. अंड्यांच्या दुकानासमोरून ती गेली, मटणाच्या दुकानासमोरून गेली, भाजलेल्या शेंगांच्या गाडीवरून तर अगदी पदर सावरत गेली. या तिन्ही ठिकाणी तिच्या नवऱ्याला चालेल असं पुष्कळ होतं. पथ्यात बसणारं आणि जिभेला आवडणारं. ते चालतं हे तिला माहीत होतं आणि तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि सध्या तिच्या जगण्यात एवढीच एक गोडी होती.

नल्लकुंट्याच्या गल्लीत त्यांचं घर म्हणजे पुढं गिरणी आणि मागं तीन खोल्या. गिरणीच्या पाटीवर 'एकनाथ पिठाची गिरणी' असं मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत लिहिलेलं होतं. तिन्ही लिप्यांवर आता धूळ होती आणि खाली शटर बंद होतं. मधल्या खोलीत खाटेवर एकनाथराव पडलेले असत. एके काळी गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन हसत चालणारा माणूस. आता उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता आणि उरलेला माणूसही रोज थोडाथोडा कमी होत होता.

तिनं आधी स्वतःची भाकरी थापली. परातीवर हाताचा थपथप आवाज मधल्या खोलीत नीट जाईल अशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती.

"आज काय करायलीस?" आतून आवाज आला.

"कारलं."

"काल बी कारलंच व्हतं."

"काल परतलेलं व्हतं. आज उकडलेलं हाय."

"भाकरीचा वास यायलाय."

"माझी हाय ती. मला कुटं शक्कर हाय?"

तिनं त्यांचं ताट खाटेवर ठेवलं आणि आपलं ताट घेऊन बरोबर समोर, जमिनीवर बसली. भाकरी पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली. तिनं ती मोडली तशी वाफ वर आली. एकनाथरावांनी कारल्याच्या फोडी बोटानं इकडच्या तिकडं केल्या.

"चतकोर दे की गं."

"डाक्टरनं काय सांगितलंय?"

"बरं, पापुद्रा दे. नुसता वरचा पापुद्रा."

"पापुद्रा बी पिठाचाच असतोय," सत्यवती म्हणाली आणि तो पापुद्रा सोलून, त्यांच्या डोळ्यांदेखत आमटीत बुडवून तिनं खाल्ला.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? जिवाला थंडावा वाटला. गल्लीतल्या बायका देवळातून येताना ज्या तोंडानं येतात, त्याच तोंडानं ती जेवून उठली.

आता हे वाचून कुणी म्हणेल, काय कैदाशीण बाई आहे. म्हणावं. पण त्या घरात दोन डबे होते, त्यांची गोष्ट आधी ऐकावी.

एकनाथराव मूळचे भालकीकडचे. भावांनी शेती ठेवून घेतली आणि ह्यांना शहराकडं पिटाळलं. हैदराबादला येऊन त्यांनी दुसऱ्यांच्या गिरण्यांत पोती वाहिली आणि मग नल्लकुंट्यात स्वतःची गिरणी घातली. एक यंत्र धान्याचं, शेजारी एक लहान, मिरची-हळदीचं. गल्लीतली मराठी, तेलुगू, मुसलमान सगळी घरं डबे घेऊन येत. एकनाथरावांच्या गिरणीत पीठ घटत नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो खरा होता. गिऱ्हाइकाच्या डब्यातलं चिमूटभर पीठही त्यांनी कधी आपलं म्हटलं नाही. 'जिसका आटा उसकू,' असं ते सगळ्यांना सांगत. पण बाहेर चोख असलेला माणूस घरात चोख असतोच असं नाही. दिव्याखाली अंधार असतो आणि गिरणीवाल्याच्या घरातही पिठाची पंचाईत असू शकते.

संध्याकाळी गिरणी थांबली की ते शटर अर्धं खाली ओढून शिंदीच्या कुंच्यानं झाडायला बसत. दगडांच्या भोवती, पीठ पडायच्या तोंडाखाली, लाकडी पेटीच्या कोपऱ्यांत दिवसभराचं उडालेलं, सांडलेलं पीठ साचलेलं असे. त्यात गहू असे, ज्वारी असे, कुणाच्या इडलीचे तांदूळ, कुणाचं बेसन, शेजारच्या यंत्रातून उडालेली मिरची आणि दगडांचा झिजलेला चुरा. ही झाडण. दुसरे गिरणीवाले ती म्हशींना घालत, नाहीतर आरटीसी क्रॉस रोडवर सिनेमाची पोस्टरं चिकटवणारे लोक खळ करायला बादली घेऊन येत, त्यांना देत.

"हे पीठ न्हाई तर काय माती हाय?" एकनाथराव म्हणत. आणि वरवरची झाडण ते घरी आणत. खालची, अगदीच कुचकामी, तेवढी पोस्टरवाल्यांना.

तर घरात दोन डबे. एका डब्यात बाजारातून निवडून आणलेल्या ज्वारीचं पीठ, ते त्यांच्या भाकरीचं. पुढं मुलगा झाला, युवराज, तर त्यालाही त्याच डब्यातलं, कारण पुरुषमाणसाच्या अंगी लागतं. दुसऱ्या डब्यात झाडण. ती सत्यवतीची.

लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. झाडणीची पहिली भाकरी तिनं मोडून तोंडात घातली आणि दाताखाली खडा करकरला. पाठोपाठ मिरची घशाला लागली. डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं झालं. समोर एकनाथराव पांढरी भाकरी दुधात कुस्करत होते.

"तोंड कामून वाकडं करायलीस?" ते म्हणाले. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. "पीठच हाय ते. गिरणीवाल्याच्या बायकूनं पिठाला नावं ठिवू नये."

त्यानंतर तिनं तोंडातून शब्द काढला नाही. तोंड वाकडं व्हायचं तेवढं होत राहिलं, ते काही तिच्या हातात नव्हतं. वर्षामागून वर्षं ती भाकरी खाऊन तिच्या दाढा घासून सपाट झाल्या. पांढऱ्या डब्यातलं पीठ चोरून घ्यावं असं मनात यायचं, पण पिठावर एकनाथराव बोटानं रेघ ओढून ठेवत. कधी युवराजला घेऊन सिनेमागृहांवरून जाताना भिंतीवरचा हिरो आणि हिरॉइन बघून तिला हसू यायचं. ज्यानं ही दोघं भिंतीला चिकटलीत, तेच आपल्या पोटात आहे, असं मनात यायचं आणि हसू लगेच जायचं.

पुढं पुढं तिला पांढऱ्या भाकरीची आसही राहिली नाही. माणसाची जीभ मरते तशी तिचीही मेली. राहिली ती एकच इच्छा, आणि ती दिवसेंदिवस वाढत गेली. या माणसानं एकदा, फक्त एकदा, तिच्या ताटातला तुकडा मोडून तोंडात टाकावा. त्याच्या दाताखाली तो खडा यावा. मग त्यानं काही बोलावं न बोलावं, नुसतं तिच्याकडं बघितलं तरी चालेल. इतकी वर्षं समोरासमोर जेवून त्या माणसाचा हात तिच्या ताटाकडं कधी चुकूनसुद्धा आला नाही.

मग पाकिटं आली. देशात म्हणे दारं उघडली होती. गल्लीत टाय लावलेली पोरं घरोघर पिठाची पाकिटं नमुन्याला वाटून गेली. जुनी घरं पडून अपार्टमेंटं झाली आणि त्यांतल्या बायका नव्या सुपरमार्केटातून स्कूटरवर पाकीट घेऊन येऊ लागल्या. डबे घेऊन येणारी माणसं म्हातारी झाली, मग येईनाशी झाली. एकनाथराव रिकाम्या गिरणीत बसून तांब्यामागून तांब्या पाणी पीत. तहान शोकाची नव्हती, साखरेची होती, पण ते कळायला उशीर झाला. रिकामा वेळ होता म्हणून ते गिरणीचे गुळगुळीत झालेले दगड टाकवायला, छिन्नीनं टाके घालायला बसले आणि छिन्नी निसटून पायाच्या अंगठ्यावर पडली. जखम भरेना. आधी अंगठा गेला, मग पाय.

युवराज तेव्हा हायटेक सिटीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि बायकोला, तेजश्रीला, घेऊन मियापूरला फ्लॅटमध्ये राहत होता. बाप दवाखान्यातून घरी आला त्या रविवारी तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, एकदम सिंपल आहे. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर, फळं, सगळं टोटल बंद. लो कार्ब म्हणतात. डॉक्टरांना पण विचारलं मी, करा बोलले. पण बाबांना उपाशी नाय ठेवायचं हां. मटण, चिकन, मच्छी, अंडी, पनीर, लोणी, शेंगा, हे पाहिजे तितकं. आमचा अमेरिकेतला मॅनेजर सकाळी चार अंडी खातो लोण्यात. बाबांना तर मजाच आहे बघ."

"मजाच हाय," सत्यवती म्हणाली.

"मी सांगू का त्यांना समजावून?"

"मी सांगते की. तू निघ, तुला उशीर व्हायलाय."

तो गेल्यावर ती खाटेपाशी गेली आणि तिनं सांगितलं. भात बंद, भाकरी बंद, पोळी, बटाटा, साखर, फळ, सगळं बंद.

"मंग खाऊ काय?"

"पाला. कारलं. दोडका."

एक अक्षर ती खोटं बोलली नाही. पाला, कारलं, दोडका चालतच होतं. अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं, इतकंच. एकनाथराव आयुष्यात कधी चुलीपाशी आले नव्हते, आणि मुलाशी त्यांचं बोलणं 'बरा हायस का' आणि 'बरा हाय' यापलीकडं जात नव्हतं. त्यामुळं ते अर्धं तिच्या पोटात सुखानं राहिलं. आणि त्या दिवसापासून पांढऱ्या डब्यातलं पीठ तिच्या भाकरीचं झालं.

आणि गंमत अशी की साखर उतरली. बरकतपुऱ्याचे डॉक्टर कागद बघून खूश झाले. "भाभी, आप तो कमाल कर दिए. ऐसा परहेज कोई नहीं करता," असं त्यांनी दोन पेशंटांसमोर सांगितलं. शेजारच्या मालनबाईंनी ते गल्लीभर केलं. हळदीकुंकवाला सत्यवतीचं नाव उदाहरण म्हणून निघू लागलं. नवऱ्याचं करावं तर असं. साखरेबरोबर माणूसही उतरत होता, दंडाची कातडी लोंबायला लागली होती, पण ते कागदावर येत नाही.

एका सकाळी सत्यवती बाजारात गेलेली बघून एकनाथरावांनी खिडकीतून मालनबाईंना हाक मारली. गिऱ्हाइकाच्या पिठाकडं कधी डोळा वर करून न बघितलेला माणूस, शेजारणीला म्हणाला, "वैनी, भाकरीचा तुकडा असंल तर द्या की. शिळा बी चालंल." मालनबाईंना गलबलून आलं. त्यांनी तुकडा दिला नाही, कारण त्यांचं मन चांगलं होतं. उलट सत्यवती आल्याबरोबर तिला दारातच गाठून सांगितलं, "लक्ष ठेव गं बाई. पुरुषाची जीभ लहान लेकरासारखी. तू एवढं करायलीस आणि हे पथ्य मोडतील." सत्यवतीनं आत जाऊन नवऱ्याला काही विचारलं नाही. नुसती खिडकी लावून घेतली.

बाजारातल्या त्या निबर कारल्यांनंतरच्या रविवारी युवराज आणि तेजश्री आले. तेजश्री मोबाइलवर काही बघत खुर्चीत बसली. युवराज बापाच्या खाटेवर टेकला. बापाचा हात हातात घेतला आणि चपापला.

"किती बारीक झालात बाबा. मटण खाता ना रेग्युलर?"

"मटन?"

"हां, डाएटमध्ये आहे ना. अंडी, मटण, सगळं. आईला पहिल्याच दिवशी बोललो होतो मी."

सत्यवती बिनसाखरेचा चहा कपांत ओतत होती. तिचा हात हलला नाही. एकनाथरावांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. चांगलं, लांबलचक पाहिलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मुलानं तिथंच आईला धारेवर धरलं असतं. पण एवढ्याशा बायकोनं आपल्याला उपाशी मारलं, हे पोटच्या पोराला आणि सुनेला कुठल्या तोंडानं सांगायचं? गल्लीत आवाज होता त्यांचा एके काळी.

"हौ," ते म्हणाले. "खातो की. कालच खाल्लो."

मुलगा आणि सून गेल्यावर सत्यवती कप गोळा करू लागली.

"मटन चालतंय?"

"चालतंय."

"अंडं?"

"अंडं बी. लोणी बी. शेंगा बी."

"मंग मला कामून न्हाई दिलीस?"

ज्या प्रश्नासाठी ती थांबली होती तो हा नव्हता, पण त्याच्या शेजारचा होता. सत्यवती खाटेजवळ सरकली.

"तुमी कवा इचारलं?"

"काय इचारलं?"

"मी काय खायलेय ते. एवढ्या वर्सात एकदा तरी?"

एकनाथरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना खरंच कळेना. पिठाचा हिशेब मनात जुळवावा तसा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"तुझ्या खाण्याचा हितं काय संबंध?" ते म्हणाले. "रोग मला झालाय का तुला?"

त्या क्षणी त्यांना कळलं असतं, तर आपण तशाच उठून अंडी आणायला गेलो असतो, असं सत्यवती पुढं पुष्कळदा स्वतःला म्हणाली. खरं-खोटं देव जाणे. झालं ते असं की दुसऱ्या दिवशी ताटात कारलंच आलं आणि तिची पांढरी भाकरी समोर वाफाळत राहिली.

एक मात्र बदललं. एकनाथरावांनी मागणं सोडलं. चतकोर नाही, पापुद्रा नाही. कारलं दिलं तर कारलं, नाही दिलं तर नाही. मागणारा मागेनासा झाला की न देण्यातली मजा जाते. सत्यवती त्यांच्या समोर बसून भाकरी मोडायची, तर ते भिंतीकडं बघायचे. तिची भाकरी तिलाच मग कोरडी लागू लागली. तिनं एकदा ताटात अंडं ठेवून बघितलं. त्यांनी ते बोटानं बाजूला केलं, कारल्यासारखंच. तिला इतका राग आला की ते अंडं तिनं गल्लीतल्या कुत्र्याला घातलं.

उन्हाळा सरता सरता त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टर घरी आले. छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि बाहेर गिरणीच्या पायरीपाशी येऊन हळू आवाजात सांगितलं, "अब कोई परहेज नहीं भाभी. जो दिल चाहे, खिला दो." युवराजला फोन केला. तो कामासाठी बेंगळुरूला होता, संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाला.

सत्यवती खाटेपाशी आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना विचारलं. आधी ते सांगत आणि ती रांधत होती, नंतर ती रांधत होती आणि ते गिळत होते.

"डाक्टर म्हनले, आता काय बी चालतंय. काय खाता?"

एकनाथरावांनी डोळे उघडले. मटण म्हणतील, जिलबी म्हणतील, असं तिला वाटलं होतं.

"भाकरी," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात पांढऱ्या पिठाचा डबा भरलेला होता. परवाच तिनं चांगली ज्वारी दळून आणली होती, दुसऱ्याच्या गिरणीतून. तिनं झाकण काढलं. पिठावर रेघ नव्हती, रेघ ओढणारा खाटेवर पडला होता. सत्यवतीनं पिठात हात घातला आणि तो तसाच राहिला. मरणाऱ्या माणसाला मऊ पांढरी भाकरी द्यावी, त्यानं ती खाऊन समाधानानं डोळे मिटावेत, आणि ज्यासाठी ती जन्मभर थांबली ते तसंच राहून जावं? आता नाही तर कधीच नाही.

तिनं डबा झाकला. खुंटीवरची किल्ली घेतली आणि गिरणीचं मागचं दार उघडलं.

आत कोंदट वास होता. पुढच्या आठवड्यात यंत्रं भंगारवाला नेणार होता आणि तिथं कुणी इंटरनेट सेंटर काढणार होतं. शिंदीचा कुंचा खिळ्यावर तसाच लटकत होता. सत्यवती उकिडवी बसली आणि दगडांच्या भोवतालचं, पेटीच्या कोपऱ्यातलं, फटींतलं पीठ झाडून गोळा करू लागली. करडं, थोडं लालसर, ढेकळं झालेलं. हे झाडायचं काम तिनं कधी केलं नव्हतं, ते त्यांचं होतं. तिचं काम खाण्याचं. परात भरली तशी तिनं किडे तेवढे वेचून टाकले आणि चाळणीला हात लावला नाही.

असलं पीठ एकजीव होत नाही, थापताना भाकरी चिरते. पण सत्यवतीच्या हाताला ते पाठ होतं. कडा चिमटीनं सांधत, पाण्याचा हात फिरवत तिनं दोन भाकरी केल्या. ताटात घातल्या. पाठीशी उशा देऊन त्यांना बसतं केलं आणि रोजच्या जागी समोर बसली. आज तिचं ताट नव्हतं.

एकनाथरावांनी तुकडा मोडला. तोंडात घालण्याआधी तो अंगठा आणि बोटात धरून चुरला. गिरणीवाल्याची सवय, मरताना तरी कशी जाणार. त्यांचा हात जरासा थांबला. मग त्यांनी तुकडा तोंडात घातला.

करकर झाली. तिला इथवर ऐकू आली.

त्यांनी दुसरा तुकडा घातला. मिरची लागली असावी, डोळ्यांत पाणी आलं. सत्यवती पुढं झुकली. त्या वाळक्या चेहऱ्यावर कुठं काय हलतं ते ती बघत होती. तोंड कधी वाकडं होतं याची ती वाट बघत होती.

तोंड वाकडं झालं नाही. ते खात राहिले. हावरटासारखे, गालफडं हलवत, तुकड्यामागून तुकडा. पहिली भाकरी संपली तेव्हा त्यांनी ताटातला चुरा ओल्या बोटानं टिपला आणि बोट चाटलं.

"झाडण हाय न्हवं ही?"

"हौ."

"गिरणीतली?"

"हौ. हीच खाल्ली मी. लग्न झाल्यापास्नं हीच खाल्ली."

एकनाथरावांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थोडी धुगधुगी होती.

"लै गोड लागती की गं," ते म्हणाले. आणि मग कपाळाला त्याच जुन्या आठ्या पडल्या. "मंग जलमभर तोंड कामून वाकडं करत व्हतीस?"

त्या माणसाला सत्यवतीनं महिनोन्महिने उपाशी ठेवलं होतं, आणि उपाशी माणसाला झाडणही गोड लागते, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना निर्दोष करून टाकलं होतं.

त्यांनी दुसरी भाकरी घेतली. अर्धी खाल्ली. अर्धी ताटात ठेवून, पोट भरल्याची ढेकर देऊन ते उशीवर कलले. दुपार टळायच्या आत ते गेले.

मालनबाई धावत आल्या, पाठोपाठ गल्लीतल्या चार-पाच बायका आल्या. एकीनं डोळे मिटवले, एकीनं दिवा लावला. खाटेवरचं ताट बघून मालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"शेवटचा घास भाकरीचा मिळाला बघ त्यांना. तुझ्या हातचा. भाग्य लागतं गं. एवढं पथ्य केलंस आणि शेवटी मनही राखलंस."

"ताट ठेवून येते," सत्यवती म्हणाली.

"टाकून दे ते. मौत झालेल्या घरात शिजलेलं ठेवत नाहीत."

स्वयंपाकघरात येऊन तिनं दार लोटलं. ताटात अर्धी भाकरी होती. एका बाजूला त्यांच्या बोटांची ओल होती, तिथं पीठ काळपट दिसत होतं. कचऱ्याचा डबा पायाशीच होता. सत्यवतीनं भाकरी उचलली आणि तुकडा मोडून तोंडात घातला.

दाताखाली खडा आला. मिरची घशाला लागली. बाहेर मालनबाई नव्यानं आलेल्या कुणाला तरी सांगत होत्या, की नवऱ्याचं करावं तर सत्यवतीसारखं. सत्यवती ओट्याला धरून उभी राहिली आणि तोंड जरासुद्धा वाकडं न करता ती भाकरी संपेपर्यंत चावत राहिली.